सावडीतला पंप

आदिलाबादच्या बाजारात अजूनही काही लोक सांगतात, की मी माझ्या दोस्ताचं तिसऱ्या क्रमांकाचं बक्षीस घालवलं. जळका माणूस, म्हणतात. म्हणू देत. त्यांना शेवटची पाच मिनिटं ठाऊक आहेत. त्याआधीची गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही, कारण सांगायला लागलो की माझा आवाज चढतो आणि ऐकणारा घाईघाईनं चहा मागवतो.

माझं भांड्यांचं दुकान. दोन दुकानं सोडून त्याचं बियाण्यांचं. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, लग्नं एका वर्षात झाली, आणि चाळिशीनंतर साखरही दोघांना एकाच उन्हाळ्यात निघाली. डॉक्टरांनी दटावलं तेव्हा त्यानंच सायकलचं खूळ काढलं. आधी साध्या सायकली, मग गियरच्या, आणि दोन वर्षांपूर्वी ग्रॅव्हल बाइक. शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड. डांबर, मुरूम, खडी, बैलगाडीची चाकोरी, सगळ्यावरून जाते. आमच्याकडे डांबर कमी आणि मुरूम रग्गड, त्यामुळे ही सायकल जणू आमच्या मुलखासाठीच बनवली आहे असं आम्ही एकमेकांना पटवलं आणि घरच्यांनाही पटवायचा प्रयत्न केला. घरचे पटले नाहीत.

दोघांचीही मूळ गावं भीमपूरकडची. तिकडे ज्याच्या गोठ्यात एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. दोन्ही बैल एका जुवाला, आज याचं वावर, उद्या त्याचं. लिहिणं नाही, साक्षीदार नाही. सावड मोडणाऱ्याला गावात पुन्हा कोणी जोडीला घेत नाही, एवढाच तिचा कायदा. आम्ही शेती केली नाही, पण सायकल चालवायला लागलो तेव्हा न बोलता हीच रीत लागली. भीमपूरच्या रस्त्यावर समोरून वारा आला की एक किलोमीटर तो पुढे, एक किलोमीटर मी. मी त्याच्या आडोशाला, मग तो माझ्या. सामानही तसंच. पंप दोघांत एक, पान्हे दोघांत एक. "दोन दोन कायले वागवाचे?" तो म्हणायचा.

माझी बायको हे सगळं बघत होती. एकदा ती म्हणाली, "सावडीले दोन बैल लागतेत म्हणते. मले तर एकच दिसून राह्यला."

मी हसलो होतो. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

गेल्या हिवाळ्यात उटनूरकडच्या जंगलपट्ट्यात शर्यत ठरली. बाहेरगावच्या एका सायकल मंडळानं भरवलेली. सत्तर किलोमीटर, बहुतेक मुरूम, तीन ओढे, वेळेची मर्यादा साडेपाच तास. मी फॉर्म पहिल्याच दिवशी भरला. त्यातल्या एका ओळीनं मला गाठलं होतं: वेळेत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव शेवटच्या रेषेवर भोंग्यावरून पुकारलं जाईल.

हसू नका. बाजारात मला दुकानाच्या नावानं हाक मारतात. नातेवाइकांत मी अमक्याचा मुलगा, सासरी जावईबापू, मुलीच्या शाळेत तिचा बाप. शाळेत असताना मी चांगला धावायचो, पण जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आठवड्यात वडिलांनी गल्ल्यावर बसवलं ते बसवलंच. चव्वेचाळीस वर्षांत माझं नाव, नुसतं माझं नाव, मोठ्यानं कुणी घेतलेलं मला आठवत नाही. मला बक्षीस नको होतं. मला वेळेत पोहोचायचं होतं आणि ते नाव ऐकायचं होतं. बायकोला मी हे सांगितलं, तेव्हा तिनं चेष्टा केली नाही. "मी येतो आयकाले," एवढंच म्हणाली.

दोस्तालाही सांगितलं होतं. त्याला तर सगळं सांगायचो.

मग टायरची चर्चा सुरू झाली, आणि ती महिनाभर पुरली. अडतीस मिलिमीटर रुंदीचं टायर की बेचाळीसचं? नक्षी उथळ की खोल? हवा किती? दुकानात गिऱ्हाईक परात वाजवून बघतंय आणि मी फोनवर हवेच्या दाबाबद्दल भांडतोय, असे ते दिवस. शेवटी दोघांनी बेचाळीसची, एकाच बनावटीची, एकाच नक्षीची टायरं मागवली. उरला प्रश्न ट्यूबचा. हल्ली बिनट्यूबचं करतात: टायरमध्ये एक पांढरं औषध ओततात, काटा लागला की ते औषध भोकात जाऊन घट्ट होतं आणि हवा राहते. जंगलपट्ट्यात बाभळीला कमी नाही, त्यामुळे मला ते करावंसं वाटत होतं. तो म्हणाला, "नको गड्या. रस्त्यात ते बिघडलं तर इथं कोणाले येते? ट्यूबच बरी. दोघायची सारखी राहील तर एकमेकाले कामात येईल."

मला ते पटलं. सावडीतला माणूस असंच बोलतो.

सामानाची वाटणी झाली. पंप त्यानं घेतला. "जड हाये, मी वागवतो." दोन ट्यूबा, एक त्याची आणि एक माझी, माझ्या पिशवीत. टायर काढायच्या पट्ट्याही माझ्याकडेच. आता कुणी म्हणेल, शर्यतीत प्रत्येकानं आपापलं सगळं न्यायचं असतं. हो, असतं. शहरातल्या कुठल्याही पोरानं अशी चूक केली नसती. ती आमच्यासारख्यांनीच करावी, ज्यांच्या आज्यानं अर्ध्या नांगरावर संसार केला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी उटनूरला जाऊन नंबर आणायचे होते. लग्नसराई होती, माझ्या दुकानात रुखवताच्या भांड्यांची गर्दी. तो म्हणाला, मी दोघांचेही आणतो. दुपारी गेला आणि दिवेलागणीच्या आधी दोन फोडलेली पाकिटं घेऊन दुकानात आला. त्यात सायकलच्या हँडलपुढे बांधायची नंबराची पाटी, सदऱ्याला लावायचा तोच नंबर कागदावर, चार टाचण्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्या. पाटीच्या मागे एक चपटी पट्टी चिकटवलेली. तीच वेळ मोजते, म्हणून पाटी वाकवायची नाही, दुमडायची नाही. माझा नंबर बत्तीस. त्याचा एकशे चौतीस, कारण त्यानं फॉर्म अगदी शेवटी भरला होता.

तो पाटी हातात धरून बसला. तोंड पाडून. "एक आन् तीन आन् चार. आठ झाले ना बे. मायी माय म्हणते, आठ आमच्या घराले फळत नाही."

"मग?"

"तुया नंबर दे न मले. तुले काय फरक पडते?"

मी म्हटलं, फरक नावाचा पडतो. नाव पुकारतील ते तुझं पुकारतील.

"मी सांगून आलो न टेबलावर. त्यायनं लिहून घेतलं. तुयं नाव आता एकशे चौतीसवर हाये."

म्हणजे आधी सांगून आला, मग विचारलं. हे तेव्हा खटकायला हवं होतं. पण ज्याच्या आईच्या हातची भाकर मी लहानपणी खाल्ली, तिचं नाव त्यानं काढलं होतं. मी बत्तीस त्याला दिला आणि एकशे चौतीस घेतला. बायकोनं त्या पाटीला हळदकुंकू लावलं.

मग पाटी बांधायला घेतली तर निराळाच ताप. पाटीला चार भोकं, हँडलवर जागा दोन. ब्रेकच्या तारा मध्ये येतात. तारांच्या मागून बांधावी तर ती वाकते, पुढून बांधावी तर हँडलला टांगलेली खाण्याची पिशवी तिच्यावर येते आणि नंबर झाकतो. नंबर झाकला तर बाद, पाटी वाकली तर बाद. तीन पट्ट्या तोडून चौथीनं कशीबशी बसवली. सदऱ्याला टाचण्या बायकोनं लावल्या. माझ्या हातून नव्या सदऱ्याला तीन भोकं आधीच पडली होती. एवढी खटपट मी लग्नातल्या मुंडावळ्यांसाठीही केली नव्हती, असं ती म्हणाली.

सकाळी मैदानावर हाडं गोठवणारी थंडी. शेकोटीभोवती सत्तर-ऐंशी माणसं हात शेकत होती, बाकीचे सायकली तपासत होते. सूर्य वर आला तसा भोंगा सुरू झाला: एक ते शंभर पुढे या. शंभरच्या वरचे दहा मिनिटांनी सुटतील.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो आधीच पुढे निघाला होता. "पहिल्या ओढ्यावर थांबतो," तो मागे न बघता म्हणाला. "येजो."

पुढच्या टोळीत वेगवान गडी असतात. त्यांच्या आडोशानं गेलं की निम्मी मेहनत वाचते. शंभरच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे पाकिटातल्या कागदावर छापलेलं होतं, असं शेजारी उभ्या असलेल्या एकाकडून कळलं. पाकिटं त्यानं फोडली होती, आणि तो कागद माझ्यापर्यंत आलाच नव्हता. तरी मी स्वतःला समजावलं, की एवढ्या गडबडीत कागद कोण वाचतो.

पहिला ओढा बाविसाव्या किलोमीटरवर. मी पोहोचलो तेव्हा तिथे झेंडा घेऊन उभा एक स्वयंसेवक होता, आणि कोणी नव्हतं. "कोई रुका था क्या इधर?" मी विचारलं.

"नहीं अन्ना. पहला ग्रुप तो कब का गया."

मी ओढ्यात सायकल घातली. पाणी घोट्याइतकं, बर्फासारखं. मला राग आला नव्हता. वाटलं, गर्दीत थांबता आलं नसेल, पुढच्या ओढ्यावर थांबेल. त्या ओढ्यावरही नव्हता. चाळिसाव्या किलोमीटरच्या आसपास, वेचणी चाललेल्या कापसाच्या वावराजवळ, माझं मागचं चाक बसलं. टायरातून बोटाच्या पेराएवढा बाभळीचा काटा निघाला. माझ्याजवळ दोन ट्यूबा होत्या, पट्ट्या होत्या, वेळही होता. हवा नव्हती.

माझ्या टोळीतले एकेक जण मला ओलांडून गेले. मी हात केला. दोघं थांबले, त्यांच्याकडे पंप नव्हता, एकदाच हवा भरता येईल अशी गॅसची एकेक नळकांडी होती, आणि पुढे तीस किलोमीटर जंगल. ते ओशाळून गेले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याशी माझी सावड नव्हती.

वावरातला एक म्हातारा गोंड शेतकरी माझी तारांबळ बघत होता. तो घरी गेला आणि पायानं धरून मारायचा जुना पंप खांद्यावर घेऊन आला. आम्ही दोघांनी लावून पाहिला. माझ्या सायकलीच्या ट्यूबचं तोंड बारीक, त्याच्या पंपाचं मोठं. फडकं गुंडाळून पाहिलं, दोरा बांधून पाहिला, सगळी हवा बाजूनं गेली. माझ्या दीड लाखाच्या हौसेकडे त्यानं दयेनं पाहिलं आणि मला पाणी दिलं.

मग मी चालायला लागलो. सायकल ढकलत, मुरमावरून, कडक होत चाललेल्या उन्हात. चालणाऱ्या माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो, हे वाईट. मला बेरजा सुचायला लागल्या. त्याची मोपेड डोळ्यांपुढे आली, जिच्यावर बसून तो अकरा वर्षं दुकानात येतोय. तिच्या नंबराचे चार आकडे मी रोज बघतो. मी ते मिळवले. सव्वीस आले. दोन आणि सहा, आठ.

मी पुन्हा मिळवले. आठच.

तिथे रस्त्याच्या कडेला बसलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं आलं, आणि मी ते पुसलंही नाही. कुणी तोंडावर शिवी दिली असती तर चाललं असतं. ह्यानं आईचं नाव घेऊन केसानं गळा कापला होता.

साडेपाच तास संपले तेव्हा मी जंगलातच होतो. पाण्याचे रिकामे कॅन गोळा करणाऱ्या टेम्पोनं मला उचललं. मैदानावर उतरलो तर बायको डबा मांडीवर घेऊन बसलेली. ती उठली नाही. म्हणाली, "तुमचं नाव पुकारलं."

"कधी?"

"दोन घंटे झाले. भोंग्यावर तुमचं नाव आयकून मी उठून उभी राह्यली, टाळ्या वाजवून राह्यली. आन् आले ते." तिनं हनुवटीनं दाखवलं.

तो मंडपाशेजारी उभा होता, चार अनोळखी सायकलवाल्यांच्या घोळक्यात, ताजातवाना. त्याची सायकल जवळच कलती केलेली. मी तिच्याकडेच आधी गेलो, का ते माहीत नाही. मागच्या टायरात एक काटा तसाच मोडून रुतलेला होता, आणि त्याच्याभोवती रुईच्या पानातून गळावा तसा पांढरा चीक वाळून बसला होता.

बिनट्यूबचं. आदल्या आठवड्यात तो नागपूरला लग्नाला गेला होता. सायकल गाडीत घालून नेली होती, धुऊन आणतो म्हणाला होता.

तो आला. मी विचारलं, "काऊन थांबला नाही?"

"मले वाटलं तू पुढं निघून गेला."

"मी दहा मिनिटं मागून सुटलो. तुया पुढं कसा जाईन?"

मी टायरकडे बोट केलं. त्यानं सायकल दुसऱ्या बाजूला कलती केली. तेवढ्यात भोंगा पुन्हा सुरू झाला. चाळिशीवरच्या गटाची बक्षिसं. पहिला कुणी बेल्लमपल्लीचा खाणकामगार, दुसरा हैदराबादचा. मग तिसऱ्या क्रमांकासाठी माझं नाव. स्पष्ट, आडनावासकट, दोनदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चव्वेचाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं माझ्या कानांवर आलं, आणि मला ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं.

तो मंचाकडे दोन पावलं गेला होता. थांबला. वळून माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "जा न. तू जा. घेऊन घे. घरी गेल्यावर देजो मले."

माफी मागितली असती तर मी गेलोही असतो, देवाशपथ. मी तसाच आहे. पण त्याला अजून एकदा माझं नाव वापरायचं होतं, आणि तेही माझ्याच पायांनी चालत जाऊन.

मी मंचावर गेलो नाही. बाजूच्या टेबलावर, वेळ मोजणाऱ्या बाईंकडे गेलो. "मॅडम, बत्तीस नंबर मेरा है, लेकिन बत्तीस पर मैं चला नहीं। वो चला।" त्यांना नीट कळायला तीनदा सांगावं लागलं. नंबर बदलल्याचं आदल्या दिवशी कुणी लिहून दिलं होतं का, हेही मी विचारलं. त्यांनी वही उघडली, संगणकाचा पडदा पाहिला, नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, नियमानं दोघंही बाद. पडद्यावर एकशे चौतीसपुढे त्याचं नाव होतं, अपूर्ण म्हणून. बत्तीसपुढे माझं होतं, तिसरा म्हणून. दोन्ही त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत पुसली. भोंग्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव आलं, आणि एक टकला गृहस्थ आनंदानं जवळजवळ पळत मंचावर गेला.

"तुनं मले बुडवलं," दोस्त म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरले होते. "धोका देल्ला तू. एका नंबरापायी."

हेच पुढे बाजारात गेलं. एका नंबरापायी.

माझी बायको मागून आली होती. तिनं माझी सायकल सोबत आणली होती. मी खाण्याच्या पिशवीमागची छोटी पिशवी उघडली. दोन्ही ट्यूबा सकाळी ठेवल्या तशाच होत्या, रबरानं बांधलेल्या. एक काढून मी त्याच्यापुढे धरली.

"ही तुयी," मी म्हटलं.

त्यानं घेतली. तिचा त्याला काही उपयोग नव्हता, आणि हे आता आम्हा दोघांनाही माहीत होतं.